घर पुरे होते केव्हा?

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. ही दोन्ही कामे ज्याने केली, त्याला या म्हणीचा अर्थ सांगावा लागत नाही. दिसायला काय, चार भिंती आणि वर छप्पर. पण त्यापायी माणूस वर्षभर धावतो. वाळू आली तर सिमेंट नाही. सिमेंट आले तर गवंडी परगावी गेलेला. गवंडी आला तर पाऊस सुरू.

ही झाली एका घराची कथा. मग ज्या माणसाने साठ हजार लोकांची वस्ती आखली, त्याची काय कथा असेल? ज्याने मोठमोठ्या विद्यालयांच्या इमारती उभ्या केल्या, त्याने कशाकशाचा विचार केला असेल? आज मी तुम्हांला अशाच एका माणसाची हकिकत सांगणार आहे. त्यांचे नाव बाळकृष्ण दोशी.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांला मोठ्या इमारतींचं काय? आम्ही कुठं वाडे बांधणार आहोत?"

थांबा जरा. दोशींनी जवळजवळ सत्तर वर्षे हे काम केले. मोठ्या इमारती बांधता बांधता ते जे शिकले, ते लहान घरालाच जास्त लागू पडते. आपल्या गावांत घरकुले होतात. शाळेच्या खोल्या होतात. अंगणवाडी होते, समाजमंदिर होते. पैसा सरकारचा असेल, ठेकेदार तालुक्याचा असेल. पण त्यात राहणार कोण? तुम्ही. बसणार कोण? तुमची मुले. म्हणून ही गोष्ट तुमचीच आहे, असे समजून ऐका.

आर्किटेक्ट म्हणजे कोण?

दोशी हे आर्किटेक्ट होते. आर्किटेक्ट म्हणजे कोण, ते आधी पाहू. मराठीत त्याला वास्तुशिल्पकार म्हणतात.

गवंडी वीट लावतो. सुतार चौकट बसवतो. इंजिनियर खांब किती जाड हवा, सळई किती हवी, हे हिशेबाने सांगतो. मग आर्किटेक्ट काय करतो? तो सगळ्यांच्या आधी विचार करतो. इथे कोण राहणार? किती जण राहणार? ऊन कोणत्या बाजूने येते? वारा कुठून वाहतो? पावसाचे पाणी कुठे जाईल? म्हातारी माणसे कुठे बसतील? पोरे कुठे खेळतील? हे सर्व मनात धरून तो कागदावर नकाशा काढतो. मग काम सुरू झाले की कागदाप्रमाणे होते की नाही, ते जागेवर जाऊन पाहतो.

शेतकऱ्याचेच उदाहरण घ्या ना. पेरणीआधी तुम्ही जमिनीचा उतार पाहता. पाणी कुठे साचते, ते पाहता. बांध कुठे घालायचा, ते ठरवता. मग औत धरता. आर्किटेक्टचेही तसेच आहे.

पुण्याचा मुलगा

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात झाला. घराण्याचा धंदा लाकडी सामानाचा. दोन पिढ्या खुर्च्या, टेबले, कपाटे यांत गेलेल्या. लहानपणापासून रंधा, करवत आणि लाकडाचा वास ओळखीचा. घर एकत्र कुटुंबाचे. माणसे वाढत गेली, तसे घरही वाढत गेले. घर एकदाच बांधून संपत नाही, ते माणसांबरोबर वाढते, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का. पुढे ती कामाला येणार आहे.

1947 साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी दोशी मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकायला गेले. तिथून लंडनला गेले. 1951 साली ते पॅरिसला पोहोचले. पॅरिस ही फ्रान्स देशाची राजधानी. तिथे ल कॉर्बुझिए नावाचे फार मोठे वास्तुशिल्पकार होते. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले. तेव्हा आपल्याकडच्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. त्या चंडीगड शहराचे नकाशे पॅरिसच्या त्या कचेरीत होत होते.

दोशींनी तिथे कामासाठी अर्ज केला. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. उत्तर आले, "या. पण आठ महिने पगार मिळणार नाही." दोशी गेले. आठ महिने बिनपगारी राबले. फ्रेंच भाषा तर येत नव्हती. मग शिकले कसे? चित्रावरून. गुरूने रेघ ओढायची, शिष्याने ती पाहून समजून घ्यायची.

तुमच्यापैकी काहींना या वयात अक्षरे गिरवताना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. शिकलासवरलेला तो तरुण परक्या देशात तुमच्यासारखाच नवसाक्षर होता.

कागद आणि जागा

1954 साली दोशी परत आले आणि अहमदाबादेत राहिले. तिथे त्यांच्या गुरूच्या काही इमारती बांधायच्या होत्या. गिरणीमालकांच्या संघाची इमारत होती, काही बंगले होते. गुरू पॅरिसला आणि काम अहमदाबादेत. मधे दोशी.

इथे त्यांचे दुसरे शिक्षण झाले. कागदावर रेघ ओढणे सोपे. पण जागेवर ऊन असते, धूळ असते, पाऊस असतो. लाकडाची फळी वाकडी असली, की काँक्रीटची भिंतही वाकडी येते. फळीवरची प्रत्येक रेघ काँक्रीटवर उमटते. म्हणून सुताराचा हात चांगला हवा, आणि त्याला काय करायचे आहे ते नीट समजावून सांगायला हवे. नकाशा कितीही चांगला असो. गवंड्याला तो कळला नाही, तर तो नुसता कागदच राहतो.

1956 साली दोशींनी अहमदाबादेत स्वतःची कचेरी काढली. पुढे आयुष्यभर ते तिथेच राहिले.

ऊन झेलणारे छप्पर

1980 च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कचेरीची इमारत बांधली. तिचे नाव संगत. नावच बघा किती आपलं वाटतं.

अहमदाबादचा उन्हाळा म्हणजे काय विचारता! विदर्भातल्या, खानदेशातल्या माणसाला तो वेगळा सांगायला नको. दोशींनी काय केले? इमारतीचा काही भाग जमिनीच्या खाली घेतला. जमिनीतली जागा थंड असते, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होते. धान्याचे पेव आणि वाड्याचे तळघर आठवा. छप्पर त्यांनी अर्ध्या नळासारखे गोल केले. त्यावर चिनी मातीच्या फुटक्या फरश्यांचे पांढरे तुकडे बसवले. पांढऱ्या रंगामुळे ऊन परत फिरते. ते आत शिरत नाही.

त्या फुटक्या तुकड्यांपासून आपणही शिकू शकतो. तुमच्या स्लॅबवर उन्हाळ्याआधी नुसता पांढरा चुना मारला, तरी खालच्या खोलीत फरक पडतो. खर्च थोडा, आराम मोठा.

शाळा म्हणजे नुसता वर्ग नव्हे

मी जन्मभर मास्तरकी केली. त्यामुळे दोशींच्या शाळांविषयी थोडे जास्त बोलणार आहे. रागावू नका.

1962 साली त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा सुरू केली. तिची इमारतही त्यांनीच आखली. विटांची, साधी. वरच्या मजल्यांवर वर्ग आहेत, खाली बरीच जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत मुले बसतात, बोलतात, एकमेकांची कामे पाहतात. उत्तरेकडून उजेड आत येतो. उत्तरेचा उजेड शांत असतो. त्यात ऊन नसते.

नंतर बंगळूरला त्यांनी व्यवस्थापन शिकवणारी मोठी संस्था बांधली. काम 1977 साली सुरू झाले. जवळपास मिळणारा करडा दगड वापरला. तिथे लांबच लांब व्हरांडे आहेत. कुठे वर छप्पर, कुठे नुसत्या तुळया. मधूनच ऊन खाली पडते, मधूनच सावली. व्हरांड्यात बसायला जागा, वेलींना जागा. जुन्या देवळांची आवारे आणि फत्तेपूर सिक्रीचे चौक दोशींच्या मनात होते.

आता हिशेबी माणूस विचारील, "व्हरांड्यावर एवढा खर्च कशाला? दोन वर्ग जास्त नसते का झाले?" दोशींचे म्हणणे असे की शिक्षण फक्त वर्गात होत नाही. गुरुजी बाहेर पडले की विद्यार्थी त्यांना गाठून खरी शंका विचारतो. दोन मुले खांबाला टेकून वाद घालतात, तेव्हाही शिकतात. त्यांना उभे राहायला जागा नको का?

हे मला पटते. मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे. जे मूल वर्गात तोंड उघडत नाही, ते पडवीत भडाभडा बोलते. एका गावी शाळेला दोन नव्या खोल्या झाल्या. पडवी गाळून टाकली होती. खिडक्या पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट फळ्यावर. मुले डोळ्यांवर हात धरून फळा वाचत. आम्ही पोती टांगली, तर वारा बंद झाला. शेवटी दुपारचे वर्ग जुन्या कौलारू खोलीत भरू लागले. नव्या खोल्यांत मोडकी बाके गेली. खोल्या पक्क्या होत्या. पैसा खर्च झाला होता. पण सूर्य कुठे मावळतो, एवढे कोणी विचारले नव्हते.

खाली मोठे, वर लहान

आता राहण्याच्या घरांकडे वळू. 1973 च्या सुमारास अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी तीनशेहून अधिक घरांची वसाहत आखली. तिला बिमानगर म्हणतात.

शहरात सहसा काय होते? श्रीमंतांची वस्ती वेगळी आणि गरिबांची वेगळी. दोशींनी एकाच इमारतीत तीन प्रकारची घरे ठेवली. खाली मोठे घर, त्यावर मध्यम, सगळ्यांत वर लहान. त्यामुळे इमारत पायऱ्यापायऱ्यांची झाली. खालच्या घराला अंगण मिळाले. वरच्या घरांना गच्ची मिळाली. प्रत्येकाला थोडे तरी आकाश मिळाले.

लोक राहायला आले. मुले मोठी झाली, सुना आल्या. मग कोणी गच्ची झाकून खोली केली. कोणी भिंत काढली, कोणी जिना घातला. काही वर्षांनी दोशी तिथे गेले. पाहतात तो त्यांच्या नकाशातली इमारत ओळखू येईना.

दुसरा कोणी असता तर संतापला असता. म्हणाला असता, "माझ्या इमारतीची वाट लावलीत." दोशींना मात्र बरे वाटले. लोकांनी घर आपले मानले, म्हणून बदलले. पुण्याच्या घरात लहानपणी पाहिलेली गोष्टच त्यांना इथे पुन्हा दिसली. माणसे वाढली, घर वाढले.

तेव्हा आता माझा प्रश्न ऐका. घर पुरे होते केव्हा? ठेकेदार किल्ली देतो तेव्हा? की राहणारा त्यात आपला हात घालतो तेव्हा?

इंदूरची अरण्य वस्ती

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर इंदूरला मिळते. इंदूर म्हणजे होळकरांची नगरी. तिथे आजही मराठी घरे पुष्कळ आहेत.

1980 नंतरच्या काळात इंदूरमध्ये झोपड्या फार वाढल्या. गरिबांना घरे द्यायची, असे तिथल्या विकास प्राधिकरणाने ठरवले. शहराच्या उत्तरेला सुमारे 85 हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांहून अधिक जमीन होती. काम दोशींकडे आले. वस्तीचे नाव अरण्य.

पहिल्याने त्यांनी काय केले? नकाशा काढला? नाही. त्यांची माणसे इंदूरच्या झोपडपट्ट्यांत गेली. कॅनडातल्या एका विद्यापीठाचे अभ्यासकही बरोबर होते. त्यांनी झोपड्या मोजल्या. बाया धुणी-भांडी कुठे करतात, ते पाहिले. हातगाडी रात्री कुठे उभी राहते, गुरे कुठे बांधतात, म्हातारे कुठे बसतात, ते टिपून घेतले. दाराशी छोटे दुकान कसे निघते, झाडाखाली कोण जमते, तेही पाहिले.

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. गरिबाचे निम्मे घर दाराबाहेर असते. आतली खोली निजायला आणि सामान ठेवायला. बाकी सगळे ओट्यावर. भाजी निवडणे ओट्यावर, शिवणकाम ओट्यावर, पाहुण्याशी बोलणे ओट्यावर. ओटा काढून टाकला तर त्या घराचा जीवच गेला. म्हणून अरण्यात घर आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण हातभर जागा राखून ठेवली. तिथे कोणी ओटा करावा, कोणी पायऱ्या कराव्यात.

दुसरा प्रश्न पैशाचा होता. हजारो पक्की घरे बांधून देण्याइतका पैसा नव्हता. मग दोशींनी एक साधा विचार केला. माणसाला एकट्याला काय जमते आणि काय जमत नाही?

भिंत त्याला जमते. आज चार फूट बांधील, दिवाळीनंतर चार फूट बांधील. पत्रे त्याला जमतात. पण गटार? एकट्याने गटार बांधता येत नाही. पाण्याची नळवाहिनी एकट्याने आणता येत नाही. वीज आणता येत नाही. रस्ता करता येत नाही. म्हणून हे जे एकट्याला जमत नाही, ते आधी करून द्यायचे. जे जमते, ते त्याच्यावर सोडायचे.

त्याप्रमाणे सुमारे साडेसहा हजार प्लॉट आखले. सर्वांत लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 375 चौरस फुटांचा. त्यावर जोते बांधून दिले. जोत्यावर संडास आणि न्हाणी बांधून दिली. काहींना त्याबरोबर एक खोलीही दिली. पाणी, वीज, रस्ते सगळीकडे केले. वीस घरांमागे मैल्याची एक टाकी बांधली. बाकीचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. कसे बांधता येते, हे दाखवायला दोशींनी ऐंशी घरे नमुन्यादाखल बांधली.

दहा-दहा घरांचे गट केले. बहुतेक घरांची तोंडे उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन भिंती तापवणार नाही. वस्तीचे सहा भाग केले आणि मधून बाजाराची मोठी वाट नेली.

आणि खर्चाची तोंडमिळवणी? मोठ्या रस्त्यांच्या कडेचे मोठे प्लॉट मध्यम आणि वरच्या कमाईच्या लोकांना विकले. त्या नफ्यातून गरिबांच्या प्लॉटचा भार हलका केला. गरिबांना हप्त्याने पैसे फेडायची सोय केली. मोलकरीण, मजूर, कारकून, दुकानदार एकाच वस्तीत राहू लागले.

1989 साली वस्ती उभी राहिली. ती साठ हजार लोकांसाठी आखली होती. पुढे तिथे ऐंशी हजार लोक राहू लागले. एका खोलीच्या घरांवर मजले चढले. जिने रंगवले गेले, ओट्यांवर दुकाने निघाली. 1995 साली या वस्तीला आगा खान पुरस्कार मिळाला.

सगळेच गोड झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. जागेचा भाव वाढला, तशी काही गरीब कुटुंबांनी आपली जागा विकली. हातात रोकड आली. पण रोकड किती दिवस पुरते? जागा एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. घरकुलाच्या जागेवर डोळा ठेवून कोणी तुमच्याकडे आला, तर हे आठवा.

बांधणे एकदा, सांभाळणे रोज

मोठ्या इमारतीचा आणखी एक धडा आहे. तो अहमदाबादच्याच एका संस्थेत शिकायला मिळतो.

1961 साली अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिची इमारत बांधायला दोशींनी अमेरिकेतले थोर वास्तुशिल्पकार लुई कान यांना बोलावले. काम आपल्याकडे येत असता ते दुसऱ्याला द्यायचे, याला मोठे मन लागते. कान यांनी विटांच्या प्रचंड कमानी उभ्या केल्या. भिंतींत मोठी गोल भोके ठेवली, म्हणजे वारा खेळेल आणि खोल पडवीमुळे ऊन आत येणार नाही. मुलांची वसतिगृहेही विटांचीच. 1974 साली भारतातून परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात कान यांचे निधन झाले. मागे उरलेली कामे दोशी आणि अनंत राजे यांनी पाहिली. राजे हेही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले.

जगभरचे लोक ही इमारत पाहायला येतात. पण विटेला नाव कळत नाही. पाणी मुरले की ती झिजते. वसतिगृहांत गळती सुरू झाली, भेगा पडल्या. 2001 साली गुजरातेत मोठा भूकंप झाला, त्याचाही धक्का बसला. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडायचे ठरवले. देशोदेशींच्या लोकांनी विरोध केला. तेव्हा तो विचार मागे घेतला. पण 2022 साली संस्थेने पुन्हा सांगितले की जुन्या इमारतींत मुलांना ठेवणे धोक्याचे आहे, नव्या बांधाव्या लागतील. दुसरीकडे त्याच संस्थेच्या ग्रंथालयाची मुंबईच्या वास्तुशिल्पकार ब्रिंदा सोमाया यांच्या कचेरीने नीट दुरुस्ती केली. त्या कामाला 2019 साली युनेस्कोचा गौरव मिळाला.

कोणाचे बरोबर, हा वाद मोठ्यांचा आहे. आपल्याला एवढेच घ्यायचे आहे. एवढ्या नामांकित इमारतीलाही गळती चुकत नाही, मग आपल्या घरकुलाला कशी चुकेल? पावसाळ्याआधी एक दिवस छपरावर चढा. पाला काढा, पन्हाळी मोकळ्या करा. भेग दिसली तर लगेच भरा. आज घमेलेभर मालात जे भागते, त्याला पाच वर्षांनी नवा स्लॅब लागतो. शाळेच्या आणि समाजमंदिराच्या छपराचेही तेच. सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊ देऊ नका. कोण चढणार, त्या माणसाचे नाव ग्रामसभेत ठरवा.

आपल्या गावात काय करायचे?

मंडळी, मी इंजिनियर नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण एवढी हकिकत वाचल्यावर मला जे सुचले, ते सांगतो.

2016 पासून गावांतल्या घरकुलासाठी एक नियम आहे. स्वयंपाकाची जागा धरून घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 270 चौरस फुटांचे हवे. जागा लहान आहे, म्हणूनच एक एक फूट विचाराने वापरला पाहिजे. पाया खणण्याआधी घरातली सगळी माणसे एकत्र बसा. जमिनीवर चुन्याने किंवा राखेने घराची आखणी करा. आत उभे राहून पाहा. खाट कुठे? चूल कुठे? धूर कुठून जाईल? दार उघडल्यावर कशावर आपटते? हे पाहायला पैसा लागत नाही.

घरातल्या बाईला आधी विचारा. दिवसाचे जास्तीत जास्त तास घरात तीच असते. मोरी कुठे हवी आणि पाणी भरून आणायची वाट कुठून हवी, हे तिच्याइतके कोणाला कळत नाही.

पावसाचे आणि मोरीचे पाणी कुठे जाणार, ते भिंतीआधी ठरवा. ते शेजाऱ्याच्या पायात जाणार असेल, तर घराआधी भांडण बांधून होईल. गटार एकट्याचे काम नाही, ते आळीने मिळून करा.

खिडक्या समोरासमोर ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. पश्चिमेला जमल्यास झाड लावा. दाराशी ओटा ठेवा, लहान का होईना. पुढे खोली किंवा मजला वाढवायचा विचार असेल, तर पाया घालतानाच इंजिनियरला सांगा. पाया नंतर वाढवता येत नाही.

आणि ठेकेदार कागद पुढे करील, तो वाचा. आता तुम्हांला वाचता येते. नकाशा हाही वाचायचाच कागद आहे. कळले नाही तर विचारा. "हे दार कुठं उघडतं?" असे विचारल्याने कोणी लहान होत नाही. अंगठा उठवून घर घेण्याचे दिवस आता तुमच्यापुरते तरी संपले आहेत.

बाळकृष्ण दोशींना 2018 साली प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा जगातला सर्वांत मोठा मान. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. 24 जानेवारी 2023 रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. वय 95 वर्षांचे होते. त्यांनी आखलेल्या अरण्य वस्तीत आजही कोणीतरी जोत्यावर नवी भिंत चढवत असेल, कोणी ओट्यावर शेड टाकत असेल. त्या माणसांपैकी पुष्कळांना दोशींचे नाव ठाऊकही नसेल. त्याने काही बिघडत नाही. घर त्यांचे आहे, आणि ते त्यांच्या हातांनी पुरे होत आहे.

येत्या ग्रामसभेत घरकुलांचा विषय निघेल. तेव्हा मागे बसू नका. पुढे या, नकाशा मागा आणि तो मोठ्याने वाचा.